स्वस्त बाह्य डिस्कांवर संग्रहाचा बॅकअप : प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी २०२५

संग्रहातील ध्वनिमुद्रणे, स्कॅन केलेली कागदपत्रे आणि त्यांच्या सूची मिळून सध्या सुमारे ६ टेराबाइट जागा व्यापतात आणि या सर्वाची मूळ प्रत एकाच संगणकावर आहे. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त, मोठ्या क्षमतेच्या बाह्य हार्ड डिस्क वापरून तिच्या आणखी तीन पूर्ण प्रती ठेवता येतात का, आणि त्यांपैकी किमान एक वेगळ्या इमारतीत ठेवून नियमितपणे तपासता येते का, हे पाहणे एवढाच या प्रकल्पाचा आवाका आहे. चुंबकीय फितींचा पर्याय सुरुवातीलाच बाजूला ठेवला, कारण फिती स्वस्त असल्या तरी त्या वाचणारे यंत्र एवढ्या छोट्या कामासाठी परवडत नाही.

स्वस्त डिस्क विश्वासार्ह असते का, हा प्रश्न सर्रास विचारला जातो. परंतु तो तसा विचारला तर उपयोगी उत्तर मिळत नाही, असे माझे मत आहे. प्रत्येक डिस्क कधी तरी बिघडणार हे गृहीत धरले की विचारण्याजोगे दोनच प्रश्न उरतात : बिघाड झाल्याचे आपल्याला किती दिवसांनी कळेल, आणि कळल्यानंतर पूर्ण प्रत पुन्हा उभी करायला किती तास लागतील. या नोंदी त्या दोन प्रश्नांना धरून ठेवायच्या आहेत.

डिस्कांना अक्षरे दिली आहेत. 'क' आणि 'ख' या २.५ इंची, ५ टेराबाइटच्या आणि यूएसबीमधूनच वीज घेणाऱ्या डिस्क आहेत. संग्रह दोन भागांत विभागून त्या दोघींवर मिळून एक प्रत बसेल. 'ग' आणि 'घ' या ३.५ इंची, ८ टेराबाइटच्या, स्वतंत्र ॲडाप्टर लागणाऱ्या आणि दोन वेगवेगळ्या उत्पादकांच्या आहेत. याखेरीज संशयास्पद वाटण्याइतकी स्वस्त, '१६ टेराबाइट' अशी छापलेली एक चिमुकली डबी केवळ तपासणीसाठी मागवली आहे, ती 'च'.

७ फेब्रुवारी २०२५

आकडेवारीचा अभ्यास. उत्पादक सर्व्हर वर्गातील डिस्कांच्या माहितीपत्रकात बिघाडांमधील सरासरी काळ १० लाख तास किंवा त्याहून अधिक देतात. १० लाख तास म्हणजे ११४ वर्षे होतात आणि कोणतीही डिस्क तेवढी चालत नाही. त्या आकड्याचा अर्थ इतकाच की अशा पुष्कळ डिस्क एकाच वेळी चालवल्या, तर वर्षभरात त्यांपैकी सुमारे ०.८८ टक्के बिघडाव्यात. २००७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी प्रत्यक्ष वापरातील सुमारे १ लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बदलाव्या लागलेल्या डिस्कांचे वार्षिक प्रमाण बहुतेक ठिकाणी २ ते ४ टक्के आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत आढळले. बॅकब्लेझ ही साठवण सेवा देणारी कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कांची आकडेवारी प्रसिद्ध करते. तिच्याकडे बिघाडाचे वार्षिक प्रमाण २०२३ मध्ये १.७० टक्के आणि २०२४ मध्ये १.५७ टक्के होते. याच कंपनीने २०११ च्या थायलंडमधील पुरानंतर डिस्कांचा तुटवडा झाला, तेव्हा किरकोळ बाजारातील बाह्य डिस्क विकत घेऊन त्यांच्या डब्या फोडल्या होत्या आणि आतील डिस्क आपल्या सर्व्हरमध्ये बसवल्या होत्या. बाह्य डिस्क म्हणजे काही तरी हलक्या जातीची वेगळी वस्तू असते हा समज त्यामुळे बराचसा गळून पडतो.

मात्र हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावता येत नाहीत. त्या डिस्क थंड खोलीत, न हलता, अहोरात्र फिरत असतात. आपल्या डिस्क महिन्यातून काही तास फिरणार, बाकीचा वेळ कपाटात पडून राहणार आणि मधूनमधून पिशवीतून प्रवास करणार. तासांमुळे होणारी झीज कमी, पण धक्के आणि चालू-बंद होणे अधिक, असा हा वेगळाच जीवनक्रम आहे.

दुसरा सापळा गुणाकाराचा आहे. दर डिस्कला वर्षाकाठी १.५ टक्के धोका धरला तर दोन्ही प्रती एकाच वर्षात जाण्याची शक्यता सुमारे ४,४०० मध्ये १ इतकी येते आणि मनाला मोठे समाधान वाटते. हा हिशेब दोन्ही बिघाड परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच खरा ठरतो. एकाच दिवशी घेतलेल्या एकाच उत्पादन-खेपेतील दोन डिस्क, एकाच पिशवीत ठेवलेल्या दोन डिस्क, विजेच्या एकाच झटक्यात सापडलेल्या दोन डिस्क, किंवा जोडलेल्या असतानाच खंडणीखोर व्हायरसने एका दमात कुलूपबंद केलेल्या दोन डिस्क स्वतंत्र नसतात. 'ग' आणि 'घ' वेगवेगळ्या उत्पादकांच्या घेण्याचे कारण हेच. 'क' आणि 'ख' मात्र जोडीनेच मिळाल्या आणि त्यांचे अनुक्रमांक एकमेकांच्या अगदी जवळचे आहेत, हे येथे नोंदवून ठेवतो.

१० फेब्रुवारी २०२५

'च' डबी उघडली. आत हार्ड डिस्क नव्हतीच. कार्ड वाचणाऱ्या एका छोट्या फळीवर गोंदाने चिकटवलेले मायक्रोएसडी कार्ड आणि वजन भरण्यासाठी धातूची एक पट्टी होती. संगणकाला ती १६ टेराबाइट असल्याचे सांगते, कारण तिच्या नियंत्रक चिपला तसे खोटे बोलायला शिकवलेले असते. खरी क्षमता संपल्यावर पुढचे लेखन एक तर जुन्या मजकुरावरच होते किंवा हवेत विरते. फाइलींची नावे मात्र यादीत दिसत राहतात, कारण ती यादी सुरुवातीच्या, खऱ्या असलेल्या भागात साठलेली असते. त्यामुळे प्रत करताना सर्व काही सुरळीत झाल्यासारखे वाटते आणि फसवणूक उघड होते ती फाइल परत मागितल्यावर.

तपासणीची पद्धत ठरवताना यातून एक उपयोगी गोष्ट हाती लागली. लिनक्सवरील बॅडब्लॉक्स हा जुना प्रोग्रॅम लेखनचाचणीत एकेक ठराविक नमुना पूर्ण डिस्कभर लिहितो आणि मग वाचून ताडून पाहतो. प्रत्येक ठिकाणी तोच नमुना असल्यामुळे, लेखन मागे वळून जुन्याच जागी पडत असले तरी वाचताना अपेक्षित तेच सापडते आणि खोटी क्षमता त्यातून निसटू शकते. एफ३ सारखी साधने जागेनुसार वेगळी माहिती लिहितात, म्हणून ती अशा डब्या पकडतात. आम्ही त्याच तत्त्वावर दुसरी वाट घेतली : डिस्कवर एक तात्पुरता कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय न उलगडणारा, थर चढवायचा, त्यातून डिस्कभर केवळ शून्ये लिहायची आणि मग त्याच थरातून वाचून सर्व शून्येच परत येतात का ते पाहायचे. प्रत्यक्ष डिस्कवर दर सेक्टरला, म्हणजे साठवणीच्या दर छोट्या कप्प्याला, वेगळी माहिती पडते आणि एखादा सेक्टर जरी दुसऱ्याच्या जागी आला, तरी उलगडल्यावर शून्यांऐवजी कचरा निघतो. बॅडब्लॉक्स वापरायचाच असेल, तर मोठ्या डिस्कसाठी ब्लॉकचा आकार ४०९६ बाइट द्यावा लागतो, कारण नेहमीच्या १०२४ बाइटने मोजल्यास ८ टेराबाइटमधील ब्लॉकांची संख्या त्याच्या ३२ बिटांच्या मर्यादेबाहेर जाते.

१२ फेब्रुवारी २०२५

चारही डिस्कांच्या स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवलेल्या नोंदी, वाचल्या. यूएसबी डबीमधून त्या वाचण्यासाठी स्मार्टसीटीएल या प्रोग्रॅमला 'सॅट' हा पर्याय द्यावा लागला. चालू असल्याचे तास सर्वत्र जवळजवळ शून्य आहेत. परंतु शून्य दिसणे म्हणजे डिस्क नवी असल्याचा पुरावा नव्हे. गेल्याच महिन्यात जर्मनीतून आलेल्या बातम्यांमधून असे उघड झाले की, नव्या म्हणून विकल्या गेलेल्या सीगेटच्या काही डिस्क प्रत्यक्षात हजारो तास वापरलेल्या होत्या आणि विक्रीच्या साखळीत कोणी तरी त्यांचे स्मार्टमधील तास पुसलेले होते. हा प्रकार 'फार्म' नावाच्या वेगळ्या अंतर्गत नोंदीमुळे पकडला गेला, कारण तेथील तास पुसायचे राहून गेले होते. तो गैरप्रकार मुख्यतः सर्व्हर वर्गातील डिस्कांबाबत होता. तरी खोक्याचे सील, अनुक्रमांक आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावरील हमीची तारीख हे तीनही ताडून घेतले.

२१ फेब्रुवारी २०२५

पूर्ण लेखन आणि पूर्ण वाचन चारही डिस्कांवर झाले. एकही चूक आढळली नाही आणि एकाही सेक्टरच्या जागी राखीव सेक्टर घ्यावा लागला नाही. 'क' आणि 'ख' सुरुवातीला सेकंदाला सुमारे १३५ मेगाबाइट वेगाने चालल्या आणि शेवटाकडे ६० च्या आसपास आल्या. एक फेरी साधारण १४ तासांची झाली. 'घ' २०० च्या आसपास सुरू होऊन शंभराच्या थोडी खाली आली आणि तिला सुमारे १५ तास लागले. वेग असा उतरत जाणे हा दोष नाही. तबकडी एकाच गतीने फिरते, बाहेरच्या कडेचा मार्ग लांब असतो आणि त्यावर एका फेरीत अधिक माहिती मावते. डिस्क बाहेरून आत भरत जाते, म्हणून शेवटचा भाग नेहमीच हळू असतो.

प्रकल्पाचा खरा अडथळा मला या तासांमध्ये दिसतो. तबकडीवर माहितीची दाटी दोन दिशांनी वाढवता येते : मार्गाच्या लांबीत बिट अधिक जवळ बसवून, आणि मार्गच एकमेकांजवळ आणून. क्षमता या दोन्हींच्या गुणाकाराने वाढते, पण फिरण्याची गती तीच असताना वाचण्याचा वेग केवळ पहिल्यामुळे वाढतो. म्हणून डिस्क जितकी मोठी तितका ती पूर्ण वाचण्याचा वेळ लांबत जातो, आणि स्वस्तात मिळालेल्या प्रत्येक टेराबाइटबरोबर पडताळणीचे तासही घरी येतात. बॅडब्लॉक्सची चार नमुन्यांची चाचणी, म्हणजे चार लेखने आणि चार वाचने, ५ टेराबाइटच्या एका डिस्कवर साडेचार दिवसांहून अधिक चालली असती. ज्या चाचणीला इतका वेळ लागतो ती लोक एकदा करतात आणि नंतर कधीच करत नाहीत. म्हणून आम्ही एक लेखन आणि एक वाचन यांवर थांबलो.

२४ फेब्रुवारी २०२५

'१०^१४ बिटांमागे एक न वाचता येणारा सेक्टर' या माहितीपत्रकातील ओळीवर सहकाऱ्यांशी चर्चा झाली. १०^१४ बिट म्हणजे १२.५ टेराबाइट. ही ओळ शब्दशः घेतली तर ८ टेराबाइटची डिस्क एकदा पूर्ण वाचताना चूक येण्याची शक्यता सुमारे ४७ टक्के निघते, आणि या हिशेबाच्या जोरावर मोठ्या डिस्क बॅकअपला निरुपयोगी आहेत असे ठासून सांगणारे पुष्कळ आहेत. परंतु तो आकडा उत्पादकाने दिलेली कमाल मर्यादा आहे, मोजलेली सरासरी नव्हे. धडधाकट डिस्क त्याहून कितीतरी चांगली वागते. शिवाय वाचनातील चुका पावसाच्या थेंबांसारख्या सर्व डिस्कांवर सारख्या पडत नाहीत. बहुसंख्य डिस्कांवर एकही येत नाही आणि थोड्या डिस्कांवर एकदम पुष्कळ येतात. त्यामुळे आपल्या दृष्टीने त्या आकड्यापेक्षा आपली डिस्क त्या थोड्यांपैकी आहे का, हे लवकर कळणे महत्त्वाचे.

२७ फेब्रुवारी २०२५

आज केवळ 'ग' विषयी. पहिल्या सलग लेखनात ती 'घ' इतकीच वेगवान होती, म्हणून तिच्यावर कोणालाही शंका आली नसती. आज तिच्यावर फाइलींचा मोठा साठा ठेवून त्यातील विखुरलेल्या फाइली पुसल्या आणि त्या जागी लहान-मोठ्या नव्या फाइली लिहायला सुरुवात केली. पहिले काही गिगाबाइट नेहमीच्या वेगाने गेले. नंतर वेग सेकंदाला १५ ते २५ मेगाबाइटवर आला, मधेच शून्यावर थांबला, पुन्हा उसळला आणि पुन्हा खाली आला. काम थांबवल्यानंतरही डिस्कच्या आतून बराच वेळ हालचालीचा आवाज येत होता.

हे शिंगल्ड पद्धतीच्या, म्हणजे एसएमआर डिस्कचे लक्षण आहे. वाचणारे हेड लिहिणाऱ्या हेडपेक्षा अरुंद असते याचा फायदा घेऊन या पद्धतीत मार्ग कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे त्याच तबकडीवर अधिक माहिती मावते आणि टेराबाइट स्वस्त पडतो. किंमत चुकवावी लागते ती पुन्हा लिहिताना : मधला एक मार्ग बदलायचा तर त्याच्यावर चढलेले पुढचे मार्गही नव्याने लिहावे लागतात. हे काम डिस्क लपवून करते. नवे लेखन आधी एका राखीव भागात घेते आणि सवड मिळाली की जागच्या जागी बसवते. राखीव भाग भरला की तिची सवड संपते आणि आपला वेग कोसळतो. डिस्क ओळखण्याची एक सोपी खूणही आहे. फिरत्या तबकडीची डिस्क 'ट्रिम' ही मुळात एसएसडीसाठी असलेली, कोणती जागा रिकामी झाली ते कळवणारी आज्ञा समजते असे सांगत असेल, तर ती बहुधा एसएमआर असते. 'ग' तसे सांगते. 'घ' सांगत नाही. 'क' आणि 'ख' सुद्धा सांगतात, आणि त्यात नवल नाही, कारण २.५ इंची मोठ्या डिस्क आता जवळजवळ सगळ्या याच पद्धतीच्या आहेत. या खुणेचा दुसरा अर्थही ध्यानात ठेवायला हवा : अशा डिस्कवर चुकून 'क्विक फॉरमॅट' झाले आणि ट्रिमची आज्ञा पोहोचली, तर पुसलेली माहिती परत मिळवण्याची आशा फारशी उरत नाही.

एसएमआर या शब्दाला मिळालेली बदनामी मला अर्धीच रास्त वाटते. २०२० च्या एप्रिलमध्ये असे उघड झाले की, वेस्टर्न डिजिटलने नॅससाठी, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या साठवण पेट्यांसाठी, म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्कांमध्ये ही पद्धत ग्राहकांना न सांगता वापरली होती. सीगेट आणि तोशिबा यांच्याही काही डिस्कांबाबत तेच कबूल करण्यात आले. अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या रेड (RAID) रचनेत एक डिस्क बदलून नवी भरताना सतत लेखन होते आणि तेथे अशा डिस्क इतक्या मागे पडत की नियंत्रक त्यांना बिघडलेल्या समजून बाहेर काढत असे. लोकांचा संताप तेथे योग्यच होता. पण आपल्याकडे एकदा लिहून ठेवायचे, क्वचित भर घालायची आणि पुनःपुन्हा वाचायचे असा क्रम आहे, आणि वाचनाच्या बाबतीत एसएमआर डिस्क मागे नसते. म्हणून 'ग' परत करत नाही. तिच्यावर केवळ भर घालायची. जुने भाग गोळा करून नव्याने बांधणारी बॅकअप साधने, म्हणजे ज्यांत छाटणी करताना मोठे गठ्ठे पुन्हा लिहिले जातात अशी, 'घ' वरच चालवायची.

६ मार्च २०२५

चारही डिस्क लिनक्सवरील लक्स पद्धतीने कूटबद्ध केल्या आणि वर ईएक्सटी४ फाइल सिस्टीम ठेवली. कूटबद्ध करण्याचे पहिले कारण चोरीचे नाही. हमीच्या काळात डिस्क बिघडली तर ती माहितीसकट परत पाठवावी लागते आणि बिघडलेली डिस्क पुसता येत नाही, हे आहे. लक्सच्या सुरुवातीच्या १६ मेबीबाइट भागात किल्ली असते आणि तो भाग खराब झाला तर बाकीची सर्व डिस्क धड असूनही उपयोगाची राहत नाही, म्हणून त्या भागाची प्रत वेगळी काढून ठेवली. डिस्कांबरोबर आलेली एक्सफॅट फाइल सिस्टीम काढून टाकली, कारण तिच्यात जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेले बदल सावरणारी नोंदवही, नसते आणि मधेच केबल सुटल्यास नोंदींची मोडतोड होण्याचा धोका अधिक असतो.

११ मार्च २०२५

पहिल्या प्रती सुरू. 'ख' दोनदा अचानक गायब झाली आणि काही सेकंदांनी पुन्हा प्रकट झाली. स्मार्टमध्ये काहीच वाईट नाही. दोन्ही वेळा ती वीज न मिळणाऱ्या एका साध्या हबमधून जोडलेली होती. यूएसबी ३ च्या पोर्टला ९०० मिलिॲम्पिअर देण्याचे बंधन आहे. असा हब तेवढ्यातच सर्व उपकरणांना वाटून देतो आणि तबकडी फिरायला लागते त्या क्षणी डिस्कला सर्वांत जास्त वीज लागते. थेट पोर्टला आखूड केबलने जोडल्यावर उरलेली प्रत विनाखंड पूर्ण झाली. बाह्य डिस्क 'मेली' म्हणून टाकून देण्यापूर्वी केबल, पोर्ट आणि ॲडाप्टर बदलून पाहावा. त्यातले दोष पुष्कळदा डिस्कच्या माथी मारले जातात.

१४ मार्च २०२५

प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे मजकूर जरा बदलला तरी बदलणारा ठसा, मूळ संगणकावर काढून यादी तयार केली आणि ती यादी चारही डिस्कांवर ठेवली. आरसिंक हे प्रती करण्याचे साधन नेहमीच्या वापरात फाइलचा आकार आणि बदलाची वेळ एवढेच पाहते, आतील मजकूर वाचत नाही. त्यामुळे 'आरसिंकने काही फरक दाखवला नाही' हे वाक्य पडताळणी म्हणून चालणार नाही.

डिस्कवर पडून असलेला मजकूर आपोआप सडतो अशी धास्ती पुष्कळांना असते. तबकडीवरील प्रत्येक सेक्टरबरोबर चूक दुरुस्त करणारे अधिकचे बिट लिहिलेले असतात. आताच्या ४०९६ बाइटच्या सेक्टरमागे ते सुमारे १०० बाइट असतात. बिघाड दुरुस्तीपलीकडे गेला तर डिस्क बहुतेक वेळा चुकीचे बाइट देत नाही, वाचता येत नाही असे सांगते. मुकाट्याने बदललेला मजकूर जेव्हा सापडतो तेव्हा त्याचा उगम बहुधा सदोष मेमरीत, केबलमध्ये किंवा प्रत करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असतो. म्हणून बेरजा मूळ फाइलीवरून काढायच्या, झालेल्या प्रतीवरून नाही.

२ एप्रिल २०२५

डबीतील यूएसबी फळी निकामी झाली तर आतील डिस्क थेट वाचता येईल का, हे पाहण्यासाठी 'ग' ची डबी हमीचा विचार बाजूला ठेवून उघडली. आतील डिस्कला संगणकाच्या आत डिस्क जोडण्याचे नेहमीचे साटा कनेक्टर आहेत. ती संगणकाला थेट जोडली तेव्हा डिस्कचे भाग कोठे आहेत हे सांगणारी पार्टिशनची यादी वाचता आली नाही आणि डिस्क कोरी भासली. कारण असे की, यूएसबी फळी संगणकाला ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवत होती आणि थेट जोडणीत तीच डिस्क ५१२ बाइटचे दाखवते; त्यामुळे यादीतील सर्व पत्ते आठ पटींनी चुकतात. सेक्टरचा आकार ४०९६ सांगून आभासी उपकरण तयार केल्यावर सर्व फाइली धडधाकट मिळाल्या. अशा वेळी संगणक डिस्क फॉरमॅट करण्याचा प्रस्ताव ठेवतो, आणि घाबरलेला माणूस तो स्वीकारण्याची शक्यता मोठी असते.

सर्वच डब्या इतक्या उदार नसतात. काही डब्यांमधील फळी पासवर्ड न ठेवताही सर्व लेखन आपल्या चिपमधून कूटबद्ध करते. फळी गेली की निरोगी डिस्कवर अनाकलनीय मजकूर उरतो. २.५ इंची डिस्कांपैकी पुष्कळांत यूएसबी कनेक्टर डिस्कच्या मूळ फळीवरच जोडलेला असतो आणि साटा कनेक्टर नसतोच, म्हणजे कनेक्टर सैल झाला तर प्रकरण दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती जाते. उघडलेल्या ३.५ इंची डिस्कांपैकी काही जुन्या वीजपुरवठ्यावर फिरतच नाहीत, कारण नव्या साटा नियमांत तिसऱ्या पिनेवरील ३.३ व्होल्टचा अर्थ 'बंद राहा' असा झाला आहे. हे सर्व ध्यानात घेऊन एकाच प्रकारच्या डबीवर दोन प्रती ठेवायच्या नाहीत असे ठरवले.

१८ मे २०२५

पहिली पूर्ण पडताळणी. 'ग' आणि 'घ' वरील ६ टेराबाइट वाचून बेरजा ताडायला प्रत्येकी सुमारे दहा तास, 'क' आणि 'ख' वरील अर्ध्या-अर्ध्या भागाला सात ते आठ तास लागले. फरक आढळला नाही. 'घ' दुसऱ्या इमारतीत गेली.

१४ जुलै २०२५

'क' वर वाचनाच्या मध्यावर काम दीर्घकाळ अडले आणि एका ध्वनिमुद्रणाच्या फाइलवर वाचनदोष आला. स्मार्टमधील १९७ क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे निकाल लागायचा बाकी असलेल्या सेक्टरांत, ८ हा आकडा आला आहे. आठ हा आकडा भयंकर नाही : डिस्कचे प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटचे आणि मोजणी ५१२ बाइटची, म्हणून एक सेक्टर बिघडला की आठ दिसतात. त्या जागेवर पुन्हा लिहिले तर डिस्क तो सेक्टर एक तर बरा ठरवेल किंवा राखीव सेक्टर वापरेल, आणि ओळीत पुन्हा शून्य येईल. अनेक जण येथेच थांबतात.

आम्ही न थांबण्याचे कारण जुने आहे. २००७ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी १ लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या डिस्कांमध्ये वाचनतपासणीतील पहिली चूक आल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बिघडण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट होती. त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे : बिघडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांत स्मार्टच्या चार प्रमुख इशाऱ्यांपैकी एकही दिसला नव्हता. म्हणजे स्मार्ट एखाद्या डिस्कला दोषी ठरवत असेल तर ते ऐकावे. निर्दोष ठरवत असेल तर त्यावर विसंबू नये. आणि 'क' च्या बाबतीत स्मार्टनेही स्वतःहून काही सांगितलेले नाही. आम्ही वाचायला गेलो नसतो तर ती ओळ आजही शून्यच राहिली असती, कारण पडून असलेल्या सेक्टरची तक्रार तो वाचेपर्यंत नोंदली जात नाही.

अडलेली फाइल 'ग' वरून घेऊन बेरीज ताडली. ती ठीक आहे. 'क' वरील भागाची तात्पुरती प्रत 'ग' वर उरलेल्या जागेत करून उपयोग नव्हता, कारण तेथे तोच मजकूर आधीच आहे. त्यामुळे नवी डिस्क येईपर्यंत त्या भागाच्या मूळ प्रतीशिवाय दोनच प्रती राहतील.

१५ जुलै २०२५

'क' हमीखाली परत पाठवली. कूटबद्ध असल्यामुळे पुसण्याचा प्रश्न आला नाही. हमी डिस्कची असते, तिच्यावरील माहितीची नसते, हे पत्रकात स्पष्ट लिहिलेले आहे.

३० जुलै २०२५

बदली डिस्क आली. तिला 'छ' म्हटले आहे. लेबलवर ती पुन्हा प्रमाणित केलेली असल्याचे छापले आहे, म्हणजे ती कोणाची तरी परत आलेली आणि तपासून दुरुस्त केलेली डिस्क आहे. तिचे तास शून्य आहेत आणि त्या शून्याला काही अर्थ नाही. पूर्ण लेखन आणि पूर्ण वाचन करून घेतले, चूक आली नाही. तरीही पुढील तीन महिने तिचे वाचन दर महिन्याला करायचे असे ठरवले आहे. संग्रहाचा अर्धा भाग 'घ' वरून नव्हे, तर मूळ संगणकावरून तिच्यावर भरला, म्हणजे दूर ठेवलेली प्रत हलवावी लागली नाही. भरणे आणि बेरजा ताडणे मिळून एक दिवस लागला. ४ फेब्रुवारीच्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर असे की, प्रत्यक्ष प्रत एका दिवसात उभी राहते, पण बदली डिस्कची वाट पाहण्यात त्याच्या पंधरा पट काळ जातो. त्यामुळे ५ टेराबाइटची एक तपासलेली, रिकामी डिस्क कायम कपाटात ठेवण्याची मागणी नोंदवली आहे. ती वेगळ्या उत्पादकाची असावी.

'ख' ही 'क' च्याच उत्पादन-खेपेतील असल्यामुळे तिचे पुढचे वाचन ऑगस्टच्या मध्यावरून आजवर आणले. सर्व बेरजा जुळल्या, १९७ च्या ओळीत शून्य आहे. पुढचे वाचन ३० ऑगस्टला.